प्रार्थनेचा विषय

योस्टाइनने पत्र टेबलावरून पुढे सरकवलं तेव्हा गुनवोरचं लक्ष आधी कागदाच्या खालच्या कडेकडे गेलं. कड कात्रीने कापलेली होती, तीही जरा वाकडी. म्हणजे तिथे नाव होतं.

"नाव कापलंस तू," ती म्हणाली.

"कापलं. लिहिणाऱ्याची तशी विनंती होती. आधी वाच तर खरं."

योस्टाइन मुख्याध्यापक होऊन दोनच वर्षं झाली होती. गुनवोर त्याच शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवत होती. वेर्होल्मेन बेटावरच्या निम्म्या बोटवाल्यांना अपूर्णांक तिनेच शिकवले होते. मुख्याध्यापकाच्या खोलीत तक्रार ऐकायला तिला कोणी बोलावलं होतं असं एकदाही झालं नव्हतं.

पत्र अर्ध्या पानाचं होतं, छापलेलं. भाषा शांत. दहावीच्या वर्गात गणिताचे गुण देताना प्रार्थनाघरात जाणाऱ्या मुलांना अर्धा गुण देवाच्या नावाने मिळतो, असं त्यात म्हटलं होतं. फेब्रुवारी आणि एप्रिलच्या चाचण्यांचे आकडे दिले होते. यागोदा आणि सोंद्रे यांचे गुण जवळजवळ सारखे, यागोदाचे कणभर जास्तच. तरी गुनवोरने शेवटच्या यादीत सोंद्रेला सहापैकी पाच दिले होते आणि यागोदाला चार. इंगेबोर्गला चार मिळालेत तेही बघावेत. हे सगळं योगायोगाने होतं की कसं, ते शाळेने तपासावं.

गुनवोरने पत्र दोनदा वाचलं. सोंद्रे म्हणजे प्रार्थनाघरातल्या गायकवृंदाच्या प्रमुखाचा मुलगा. इंगेबोर्ग प्रार्थनाघरातल्याच टोर्बोर्गमावशींची नात. आणि यागोदाचे आईवडील मासळीच्या कारखान्यात कामाला, सहा वर्षांपूर्वी पोलंडहून आलेले.

"यादी अजून बंद झालेली नाही," योस्टाइन म्हणाला. "तेरा तारखेपर्यंत वेळ आहे. मला एवढंच पाहिजे की तू शांतपणे पुन्हा बघ."

"म्हणजे तुला हे खरं वाटतं."

"मला काहीच वाटत नाही, गुनवोर. पत्र आलंय, त्याचं उत्तर मला द्यावं लागणार."

"हे आकडे बाहेरच्या माणसाला कुठून मिळाले?"

योस्टाइनने खांदे उडवले. त्याचे डोळे क्षणभर खिडकीकडे गेले, आणि गुनवोरने ते टिपलं. याला सगळं ठाऊक आहे, तिच्या मनात आलं. आणि जे ठाऊक आहे ते याच इमारतीतलं आहे.

शिक्षकांच्या खोलीत परतली तेव्हा विल्दे तिच्या समोरच्याच टेबलाशी बसली होती. तिने मान वर केली, "ठीक आहे ना सगळं?" असं विचारलं, आणि विचारता विचारता लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

गुनवोरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

विल्दे ओस्लोची. तीन वर्षांपूर्वी बेटावर आली, दहावीची वर्गशिक्षिका झाली, विज्ञान शिकवू लागली. काम चोख. पोरं तिच्यावर खूश. पण डिसेंबरात नाताळच्या उपासनेला सगळ्या शाळेने चर्चमध्ये जायचं की नाही यावर सभा झाली, तेव्हा दोघींची जी जुंपली ती अख्ख्या खोलीने ऐकली होती. मुलांना शाळेच्या वेळात चर्चमध्ये नेणं हे शाळेचं काम नाही, ज्याला जायचंय त्याने घरच्यांबरोबर जावं, असं विल्देचं म्हणणं. गुनवोर म्हणाली होती की या बेटावर चर्च शाळेच्या आधीचं आहे. मतदान झालं, गुनवोरची बाजू तीन मतांनी जिंकली. त्यानंतर दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागायच्या की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

आणि 'देवाच्या नावाने' हे शब्द. ते डिसेंबरात विल्देच्याच तोंडून आले होते. गुनवोरला आता अगदी स्वच्छ आठवत होतं.

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. बुधवारी मधल्या सुट्टीत विल्दे फाटकापाशी यागोदाच्या आईशी बोलत होती, चांगली दहा मिनिटं. गुनवोर जवळून गेली तशी दोघी गप्प झाल्या आणि आई उगीचच हसली. दुपारी छपाईयंत्रावर विल्दे तिच्या आधी पोचली, निघालेले कागद उलटे छातीशी धरून निघून गेली. जेवायच्या वेळी सगळे आपापली पावाची पुडकी सोडून बसले होते, तेव्हा गुनवोरने सहज म्हणून खडा टाकून बघितला.

"यंदा गणिताच्या गुणांचं कोणाला काही ऐकू आलंय का?"

शारीरिक शिक्षणाचा मास्तर तपकिरी चीज कापत राहिला. विल्देने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "का गं?"

"सहज."

"सहज कोण विचारतं?" मास्तर हसून म्हणाला, आणि विषय निघाला तसाच बुडाला. पण गुनवोरला विल्देचं ते 'का गं' पुरलं. ज्याला ठाऊक नसतं तो एवढं जपून विचारत नाही.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. आस्ब्यर्न फेरीबोटीवर इंजिनाकडे असायचा. दिवसभर आवाजात काम करून घरी आल्यावर तो बोलायचा कमी. मासे खाऊन झाले, मग म्हणाला, "तिला विचार."

"काय विचारू? की तू माझ्या पाठीत सुरा खुपसलास का?"

"पत्र तू लिहिलंस का, एवढंच. एकटीने जा, दार लाव, विचार. प्रभूने तरी दुसरं काय सांगितलंय? भावाने काही केलं असेल तर आधी तू आणि तो, दोघंच."

"तो भाऊ असला तर. ती कुठे मानते काही."

"तू मानतेस ना," आस्ब्यर्न म्हणाला आणि ताटं उचलून नळाखाली धरली.

गुनवोरला त्याचा राग आला. तो बरोबर बोलतोय हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच आला. पण हातात पुरावा नसताना विचारायला गेलं तर विल्दे हसून नाही म्हणेल आणि पुढच्या वेळी सावध होईल. आधी खात्री. मग बोलणं. असं तिने स्वतःला पटवलं.

गुरुवारी संध्याकाळी टोर्बोर्गमावशींकडे बायकांची प्रार्थना असायची. मावशी ऐंशीच्या पुढच्या. कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण अख्खं बेट त्यांना मावशीच म्हणायचं. आठ-नऊ बायका, वॉफल, जाम, कॉफी, मग एक गीत, मग एकेकीने आपापला प्रार्थनेचा विषय सांगायचा. कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणाचा समुद्रावर गेलेला मुलगा.

गुनवोरची पाळी आली. बोलायचं नाही असं ठरवून ती आली होती. पण मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुझा चेहरा उतरलाय गं. काय झालंय?"

"शाळेत माझ्याबद्दल कोणीतरी वाईट लिहिलंय," ती म्हणाली. "मी आपल्या मुलांना जास्त गुण देते म्हणे."

बायकांच्या तोंडून एकदम निःश्वास निघाला. आपल्या मुलांना म्हणजे कोणाला, हे कोणी विचारलं नाही.

"कोणी लिहिलं?"

"ते सांगणं बरं नव्हे. मी प्रार्थना एवढीच मागते, की त्या व्यक्तीचं मन देवाने मऊ करावं."

"ती ओस्लोची," सोंद्रेची आई पुटपुटली.

गुनवोर हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. खाली बघून तिने वॉफलचा तुकडा मोडला, आणि सगळ्यांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. मग डोळे मिटून सगळ्यांनी विल्देसाठी प्रार्थना केली, तिचं नाव न घेता. गुनवोरला फार हलकं वाटलं. इतकं हलकं, की सायकलवरून घरी येताना तिला क्षणभर स्वतःचाच संशय आला. पण तो टिकला नाही.

शुक्रवारी मैदानी खेळांचा दिवस. सगळी शाळा किनाऱ्याच्या मैदानावर होती. प्रथमोपचाराची पेटी विसरली म्हणून गुनवोर परत आली. पेटी घेतली. शिक्षकांच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. विल्देच्या टेबलाचा वरचा खण बोटभर उघडा होता.

तिने तो ओढला. नंतर कितीदा आठवून बघितलं तरी त्या क्षणी आपल्या मनात काय होतं हे तिला सांगता यायचं नाही. हात गेला, एवढं खरं.

चिकटपट्टी, खडू, मुलांकडून जप्त केलेले दोन मोबाइल, आणि खाली हिरवी फाइल. फाइलमध्ये विल्देच्या अक्षरात तक्ता. दहावीच्या वीस मुलांची नावं, चाचण्यांचे गुण, शेवटच्या रकान्यात गुनवोरने दिलेले आकडे. तीन नावांपुढे लाल टिंब. यागोदा. सोंद्रे. इंगेबोर्ग.

गुनवोरने फोन काढला, तक्त्याचा फोटो घेतला, फाइल होती तशी ठेवली, खणही बोटभर उघडा ठेवला. मैदानावर परत आली तेव्हा विल्दे लांब उडीच्या वाळूपाशी फीत धरून उभी होती. "पेटी मिळाली?" तिने लांबूनच विचारलं.

"मिळाली."

शनिवार आणि रविवार तिने त्या फोटोवर काढले. आस्ब्यर्नला दाखवला नाही. खण उघडल्याचं त्याला कोण सांगणार. रविवारी उपासनेत क्षमेची प्रार्थना आली, तिने इतरांबरोबर ती म्हटली, आणि म्हणता म्हणता सोमवारी योस्टाइनपुढे वाक्यं कोणत्या क्रमाने मांडायची ते जुळवत राहिली.

पण सोमवारी सकाळी ती पोचायच्या आत विल्देच तिची वाट बघत होती. गणिताच्या वर्गात, फळ्यापाशी, अंगातलं जाकीटही न काढता.

"दार लावते," विल्दे म्हणाली आणि लावलं. "मला एक विचारायचंय. मध्येच कोणी यायला नको म्हणून इथे थांबले."

गुनवोरने पिशवी टेबलावर ठेवली.

"शनिवारी दुकानात एका बाईने मला थांबवलं. म्हणाली, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. मला वाटलं माझी आई आजारी आहे ते कोणीतरी सांगितलं असेल, म्हणून मी आभार मानले." विल्देचा आवाज जरा चिरकला. "तर ती म्हणते, देव तुझं मन मऊ करो. मग मला उलगडा व्हायला लागला. मी पत्र लिहिलं असं तू त्यांना सांगितलंस का?"

"मी नाव घेतलं नव्हतं."

"गुनवोर. सांगितलंस का?"

खाली बसमधून मुलं उतरत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. गुनवोरला वाटलं, ही आता आपल्यालाच आरोपी करतेय. मोठी हुशार आहे. तिने फोन काढला आणि तो फोटो विल्देपुढे धरला.

"मग हे काय आहे?"

विल्देने बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचे कान लाल झाले.

"हे माझ्या खणात होतं."

हुकमाचं पान म्हणून टाकलं ते आपल्याच अंगावर आलं हे गुनवोरला तेव्हाच कळलं.

"खण उघडा होता," ती म्हणाली.

"होता ना. त्यात माझ्या आईची हॉस्पिटलची पत्रं पण आहेत. तीही वाचलीस का?"

"नाही."

"बरं." विल्दे पुढच्या बाकावर बसली, सोळा वर्षांच्या मुलीसारखी, गुडघे अडकवून. "आता ऐक. योस्टाइनने मला मंगळवारी सकाळी बोलावलं, तुझ्याही आधी. म्हणाला, पत्र आलंय, तू वर्गशिक्षिका आहेस, आकडे तुझ्याकडे आहेत, तपास, आणि गुनवोरशी बोलू नकोस, नाहीतर तपासणीला अर्थ राहणार नाही. मी त्याला म्हटलं, हा मूर्खपणा आहे, ती बाई पट्टीसारखी सरळ आहे. हे दाखवून द्यायलाच मी तक्ता केला. तुझ्या बाजूने केला होता."

"आणि आकडे बाहेर कोणी दिले?"

"वर्गात वीस मुलं आहेत. एकमेकांचे गुण ती तोंडपाठ सांगतात. आणि त्यांना घरं आहेत, घरात आईबाप आहेत."

हे गुनवोरच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. सत्तावीस वर्षं मुलांत काढून.

"आणि ते शब्द? देवाच्या नावाने. डिसेंबरात तू म्हणाली होतीस."

विल्देने भुवया आक्रसल्या. "मी? अगं, ते तू म्हणाली होतीस. वर्षातून एक सकाळ तरी देवाच्या नावाने जाऊ दे, असं. मला चांगलं आठवतंय, कारण मी घरी जाऊन त्यावर चिडले होते."

गुनवोरने तिला निरखून बघितलं. ही खोटं बोलतेय का? चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. पण गेला आठवडाभर तिला त्याच चेहऱ्यावर हवं ते दिसत होतं.

"तू तपासलंस," ती शेवटी म्हणाली. "काय निघालं?"

विल्दे उठली, जाऊन हिरवी फाइल आणि कात्री घेऊन आली. तक्त्याची झेरॉक्स काढलेली होती. तिने ओळीओळीने पट्ट्या कापल्या, नावांचा भाग दुमडून मागे घातला, शेवटचा रकाना कापून टाकला, आणि पत्ते पिसावेत तशा पट्ट्या टेबलावर मिसळल्या.

"पहिला तास सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. तूच गुण दे."

"हा काय पोरखेळ आहे?"

"नको असेल तर नको."

गुनवोरला वाटलं, यातही काही डाव असेल. आकडे बदललेले असतील. वहीतली नावं तळव्याखाली झाकून तिने पहिल्या चार-पाच पट्ट्या आपल्या वहीशी ताडून बघितल्या. बदललेले नव्हते. मग पेन्सिल घेतली. प्रत्येक पट्टीवर चाचण्या, तोंडी परीक्षा, प्रकल्प. नुसते आकडे. वर्षानुवर्षं केलेलं काम, हात आपोआप चालला. चार. तीन. पाच. दोन. पाच. चार. सतरा मिनिटांत वीस पट्ट्या झाल्या.

"आता उलट्या कर," विल्दे म्हणाली.

तिने केल्या. सतरा मुलांना तिने जे आधी दिलं होतं तेच पुन्हा दिलं होतं. यागोदाला या वेळी पाच होते. सोंद्रेला चार. इंगेबोर्गला तीन.

गुनवोर त्या तीन पट्ट्यांकडे बघत राहिली. मग हळूहळू सगळं आठवू लागलं. सोंद्रे हात वर करायचा, बाई म्हणून हाक मारायचा, चुकलं तरी उत्साहाने चुकायचा. यागोदा खिडकीशी बसायची आणि कधीही काही विचारायची नाही. इंगेबोर्गचे गुण भरताना टोर्बोर्गमावशींचा चेहरा समोर आला होता, हेही आठवलं. लबाडी करतोय असं तेव्हा मनालाही शिवलं नव्हतं. मूल जवळून माहीत आहे, म्हणून आकड्यापलीकडचं दिसतं, असं वाटलं होतं. यागोदाला जवळून बघायला ती कधी गेलीच नव्हती.

"मला शुक्रवारीच कळलं होतं," विल्दे म्हणाली. "सकाळी तक्ता पुरा झाला तेव्हा. योस्टाइनला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगावं असं वाटत होतं. त्याने बोलू नको म्हटलं होतं तरी."

खाली घंटा झाली.

"खण उघडला ते माझं चुकलं," गुनवोर म्हणाली. "आणि गुरुवारी... नाव मी घेतलं नाही, पण तुझंच होतं ते. मी होऊ दिलं."

"हो," विल्दे म्हणाली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. पट्ट्या गोळा केल्या, गुनवोरपुढे ठेवल्या आणि दार उघडं टाकून निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी गुनवोर स्वतःहून योस्टाइनकडे गेली. पट्ट्या ठेवल्या, तीन आकडे बदलायचे म्हणाली. खणाचं सांगितलं. प्रार्थनेच्या बैठकीचंही सांगितलं, आणि ते सांगणं खणापेक्षा जड गेलं. खणाबद्दल नोंद करावी लागेल, योस्टाइन म्हणाला. ती कर म्हणाली.

"विल्दे म्हणते, मंगळवारी सकाळी तूच तिला तपासायला सांगितलंस," ती म्हणाली. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं.

"मीच सांगितलं. पत्र तिचं नाही. शपथ घेऊन सांगतो." तो जरा थांबला. "हे बघ, मी काल लिहिणाऱ्याशी बोललो. नाव तुला सांगितलं तरी आता चालेल असं म्हणणं आहे. मला वाटतं सांगावं. नाहीतर तू येताजाता प्रत्येकाकडे बघत राहशील."

नाव त्याच्या ओठावर आलेलं तिला दिसत होतं. तिला ते हवं होतं. आठवडाभर तिला दुसरं काही नकोच होतं.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"शास्त्र सांगतं, एकट्याने त्याच्याकडे जा आणि बोल. नाव कळलं की मी तसं करीन असं तुला वाटतं? मला नाही वाटत. मी गुरुवारी त्याच्यासाठी प्रार्थनेचा विषय मांडीन."

योस्टाइनला हसू आलं आणि त्याने ते आवरलं. "मग मी उत्तर काय पाठवू?"

"लिही की तक्रार बरोबर होती. माझ्या नावाने लिही."

पुढचे तीन दिवस सोपे गेले नाहीत. सोंद्रेच्या वडिलांनी तिला फेरीच्या धक्क्यावर गाठलं. पाचाचे चार कोणी केले, आणि कोणाच्या भीतीने, असं विचारलं. "कोणाच्याही नाही, पाच द्यायला नको होते ते मी दिले होते," असं तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "आपल्याच माणसांनी असं केलं तर दुसऱ्यांकडून काय अपेक्षा करायची." यागोदाने नवा आकडा बघितला आणि फक्त "बरं" म्हणाली. गुनवोरने तिला थांबवून, आधीचा आकडा माझ्या चुकीने होता, असं सांगितलं. मुलीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू यामागे काय डाव असेल ते ती ताडून बघतेय. गुनवोरला ती नजर फार ओळखीची वाटली.

गुरुवारी ती टोर्बोर्गमावशींकडे गेली. न जाण्याची कारणं तिने सकाळपासून चार शोधली होती. आस्ब्यर्नने सायकलच्या चाकात हवा भरून ठेवली होती आणि काही बोलला नव्हता.

या वेळी तिने पाळीची वाट बघितली नाही. गीत संपताच म्हणाली, "मागच्या गुरुवारी मी इथे जे बोलले ते परत घ्यायला आले आहे. विल्देने पत्र लिहिलेलं नाही. तुम्हाला तसं वाटलं ते माझ्यामुळे वाटलं, आणि मी मुद्दाम वाटू दिलं. पत्रात होतं तेही खरं निघालं. मी आपल्या मुलांना झुकतं माप दिलं होतं."

कोणी निःश्वास टाकला नाही. किटलीचं झाकण वाजत होतं, तेही कोणी उतरवेना.

"इंगेबोर्गला तीन," मावशी म्हणाल्या. "काल रडत होती पोर. तू तिला मांडीवर खेळवलंयस."

"हो, मावशी."

"तिने मेहनत केली नव्हती का?"

"केली होती. आकडा तीनच येतो."

"मग पत्र लिहिलं कोणी?" सोंद्रेच्या आईने विचारलं. "ते तरी सांगशील?"

"मला माहीत नाही. योस्टाइन सांगत होता, मी नको म्हटलं."

"नको म्हटलंस?" ती एकदम म्हणाली, आणि तिचा हात कपाकडे गेला तो कपाला लागून कॉफी बशीत सांडली.

गुनवोरची नजर त्या हातावर खिळली. मग शेजारच्या बाईवर, ती रुमाल पुढे करत होती. जरा घाईच करत होती का? पलीकडे टपालकचेरीतली बाई खिडकीबाहेर बघत होती. तिची भाची दहावीत होती. ती अलीकडे या बैठकीला कंटाळल्यासारखी वाटायची. या खोलीतल्याच कोणी लिहिलं असेल तर? खोलीतल्या नऊ जणींपैकी पाच जणींच्या घरात त्या वर्गातलं कोणी ना कोणी होतं. गुनवोरचं मन मोजू लागलं, आणि मोजतंय हे लक्षात आल्यावर तिने आपले दोन्ही हात मांडीत घट्ट धरले.

"विल्देची आई आजारी आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलात आहे. काय झालंय मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिच्या आईसाठी प्रार्थना करू या."

टोर्बोर्गमावशींनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना राग होता, तो ओठांच्या कोपऱ्यांत दिसत होता. पण डोळे त्यांनी मिटले. बाकीच्यांनीही मिटले.

गुनवोरने मिटले ते सगळ्यांच्या नंतर. त्याआधी तिने एकदा वर्तुळभर नजर फिरवलीच.

शुक्रवारी सकाळी विल्दे टेबलाशी आली, जाकीट खुर्चीला अडकवलं. गुनवोरने विचारलं, "आई कशी आहे?" विल्दे तिच्याकडे बघत राहिली. आताच का, कशासाठी विचारतेय, हे सगळं त्या बघण्यात होतं. मग ती म्हणाली, "बुधवारी ऑपरेशन आहे. मला दोन दिवस जावं लागेल."

"तुझे तास मी घेते."

"विज्ञान?"

"मेंढीचं हृदय कापायचं नसेल तर."

"तेच आहे नेमकं," विल्दे म्हणाली. तिने खणातून कुलपाची नवी किल्ली काढली, खण बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली. गुनवोरसमोरच. मग खुर्ची ओढून तिच्या बाजूला घेतली आणि कागदावर हृदयाची आकृती काढून कुठून कापायचं ते समजावू लागली.